तितिक्षा कीं उपेक्षा?

सोलापूरचें वैशाखांतील आकाश ज्यानें पाहिलें आहे, त्याला पांढरें आकाश म्हणजे काय हें समजावून सांगावें लागत नाहीं. सकाळचे दहा वाजले कीं त्याची निळाई उडून जाते आणि धुवून वाळत घातलेल्या चादरीप्रमाणें तें या टोंकापासून त्या टोंकापर्यंत कोरें दिसूं लागतें. अशा वेळीं सिद्धेश्वराच्या तळ्याकांठीं एखाद्या झाडाखालीं बसून सहज वर पाहिलें, तर पुष्कळांना त्या स्वच्छ पटावर कांहीं तरी हलतांना दिसतें. एखादा काळसर ठिपका, एखादा वळलेला धागा, कोळिष्टकाचा तुकडा, किंवा एका ओळींत ओवल्यासारखे चार बारीक मणी. नजर त्यावर रोखावी तर तें सरकतें, नजर काढून घ्यावी तर तें मागोमाग येतें, आणि डोळा स्थिर ठेवला तर हळूहळू खालीं उतरतें. हातानें वारून तें जात नाहीं, कारण तें बाहेर नाहींच. ‘डोळ्यांपुढें माश्या उडतात’ असें आपण यास म्हणतों. लॅटिन भाषेंतील वैद्यांनींहि त्याला ‘उडत्या माश्या’ असेंच नांव दिलें. दोन अगदीं दूरच्या भाषांना एकच उपमा सुचावी, यावरून हा अनुभव किती सार्वत्रिक आहे हें ध्यानांत येईल.

या माश्यांविषयीं येथें लिहावयाचें आहे. परंतु केवळ वैद्यकीय माहिती द्यावी एवढाच हेतु नाहीं. या क्षुल्लक दिसणाऱ्या माशीनें माझ्यापुढें एक नीतीचा प्रश्न उभा केला, आणि त्याचें उत्तर मला फार उशिरां सुचलें. प्रश्न असा: शरीराचें दुःख निमूटपणें सोसणें हा गुण आहे, असें आपणांस लहानपणापासून शिकविलें जातें, तर हा गुण कोठें संपतो आणि दोष कोठें सुरू होतो?

प्रथम माशीचें स्वरूप पाहूं. डोळ्याच्या गोलकांत पुढील भिंग आणि पाठीमागचें दृष्टिपटल यांच्यामध्यें जी जागा आहे, ती रिकामी नसते. सुमारें चार मिलिलिटर भरेल इतक्या एका पारदर्शक, दाट द्रव्यानें ती भरलेली असते. काचेप्रमाणें स्वच्छ म्हणून त्याला काचाभ द्रव्य म्हणावें. त्यांत शेंकडा अठ्ठ्याण्णव भाग पाणीच असतें. परंतु अतिसूक्ष्म तंतूंच्या विणीनें तें पाणी गोठविल्यासारखें धरून ठेविलेलें असतें. वय वाढतें तशी ही वीण उसवते. कांहीं भाग पातळ होतो, तंतु एकमेकांस चिकटून त्यांचे पुंजके होतात, आणि त्या पुंजक्यांची सांवली दृष्टिपटलावर पडते. आपणांस दिसते ती ही सांवली. पुढें, बहुधा पन्नाशी-साठीनंतर, सबंध काचाभ द्रव्य आकसून दृष्टिपटलापासून सुटें होतें. लहानपणापासून लांबचें अंधुक दिसणाऱ्यांत, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांत, किंवा डोळ्यास मार लागलेल्यांत हें कांहींसें लवकर घडतें. हें सुटें होणें म्हणजे रोग नव्हे. केस पिकण्याप्रमाणें तो वयाचा धर्म आहे, आणि बहुतेकांच्या डोळ्यांत तो निर्विघ्नपणें पार पडतो.

परंतु कांहीं डोळ्यांत हें द्रव्य एखाद्या ठिकाणीं दृष्टिपटलास घट्ट चिकटलेलें असतें. सुटतांना तें पटलास ओढतें, आणि अर्ध्या मिलिमीटरहूनहि पातळ असलेलें तें पटल तेवढ्या जागीं फाटतें. त्या चिरेंतून पातळ झालेला द्रव आंत शिरतो आणि ओल धरलेल्या भिंतीचा पापुद्रा सुटावा तसें दृष्टिपटल आपल्या आधारापासून सुटूं लागतें. ज्यांना या माश्या आणि प्रकाशाच्या चमका एकाएकीं दिसूं लागतात, अशा शंभर माणसांची तपासणी केली तर सुमारें दहा ते पंधरा जणांच्या दृष्टिपटलास अशी चीर पडलेली आढळते. उरलेल्या पंचाऐंशी-नव्वद जणांच्या माश्या निरुपद्रवी असतात. दुर्दैव हें कीं, पाहणाऱ्यास दोन्ही माश्या सारख्याच दिसतात.

आमच्या पूर्वजांना हा अनुभव अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत दृष्टीच्या रोगांचा जो अध्याय आहे, त्यांत दोष दुसऱ्या पटलांत शिरला असतां रोग्यास माश्या, मच्छर, केस, जाळीं आणि मंडलें दिसतात असें सांगितलें आहे. आणि दोष असाच आंत शिरत चौथ्या पटलापर्यंत गेला म्हणजे दृष्टि नाहींशी होते, असाहि क्रम दिला आहे. सुश्रुताचीं पटलें आणि आजच्या शारीरशास्त्रांतील पटलें एकच आहेत असें म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. परंतु माशी दिसणें ही एखाद्या गोष्टीची सुरुवात असूं शकते, हें त्या वैद्यानें ओळखलें होतें, यांत शंका नाहीं.

हेच केस पुढें तत्त्ववेत्त्यांनीं उचलले. वसुबंधूनें आपल्या विंशतिकेच्या आरंभींच तिमिर झालेल्या मनुष्यास दिसणाऱ्या केसांचा दाखला दिला: जसे ते केस नसतांना दिसतात, तसें हें बाह्य जगत् नसतांना दिसतें. सातव्या शतकांतील चंद्रकीर्तीनें याच दृष्टान्ताची एक सुंदर गोष्ट केली आहे. तिमिर झालेल्या एका मनुष्यास हातांतील पात्रांत केस दिसतात. ते काढून टाकावे म्हणून तो पात्र पुनःपुनः उपडें करतो. शेजारीं निकोप दृष्टीचा एक मनुष्य येतो, पात्रांत पाहतो, आणि त्यास तेथें केस दिसत नाहींत. केस आहेत कीं नाहींत असा वाद घालण्याचेंहि त्यास कारण उरत नाहीं.

तरुणपणीं ही गोष्ट वाचल्यापासून ती मला फार प्रिय आहे. मनुष्य आपल्या दृष्टीचा दोष जगावर लादतो आणि मग जगच साफ करूं पाहतो, हें इतक्या थोडक्यांत दुसरें कोणी सांगितल्याचें मला ठाऊक नाहीं. परंतु याच प्रीतीनें मला एकदां फसविलें, आणि त्याची किंमत मला नव्हे, माझ्या मित्राला द्यावी लागली.

हा मित्र शहराच्या पूर्वभागांत राहणारा, विणकराच्या घराण्यांतील. टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या कारखान्यांत तयार माल तपासण्याचें काम त्यानें उभा जन्म केलें. पांढऱ्या टॉवेलांत एखादा धागा तुटलेला असो, एखादा काळा तंतु शिरलेला असो, त्याची नजर त्यावर पडली नाहीं असें होत नसे. चष्मा मात्र शाळेपासून लागलेला, आणि तोहि जाड भिंगांचा. २०२२ सालच्या वैशाखांत एका संध्याकाळीं तळ्याकांठीं बसलों असतां तो हंसत म्हणाला, “आज दोन दिवस एक काळा धागा मला सतावतो आहे. प्रत्येक टॉवेलावर दिसतो. चिमटीनें काढायला जावें तर पुढें सरकतो. पोरें मला हंसायला लागलीं आहेत.”

मला चंद्रकीर्तीचें पात्र आठवलें नसतें तरच नवल. मोठ्या उत्साहानें मीं त्याला ती गोष्ट सांगितली. शिवाय मला स्वतःला गेलीं दहा वर्षें असाच एक धागा दिसत असे. मीं तो एकदां नेत्रवैद्यास दाखविला होता आणि वयोमानाचा आहे, काळजी नको, असें उत्तर मिळविलें होतें. तेंच उत्तर मीं मित्राच्या पदरांत टाकलें. “अरे, टॉवेल उपडे करूं नकोस. धागा तुझ्या डोळ्यांत आहे. वय झालें. सोसायला शीक,” असें मी म्हणालों. तो लिहिण्यावाचण्यांतला मनुष्य नव्हता आणि मी आहें असें तो समजत असे. त्यामुळें त्याचें समाधान झालें.

पुढील हकीकत मला मागाहून कळली. त्यानंतर दोनच दिवसांनीं रात्रीं अंधारांत त्याच्या उजव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखें होऊं लागलें. काळे ठिपके एकाचे अनेक झाले; शेगडींतली राख उडावी तसे ते पसरले. घरांत पुतणीच्या लग्नाची गडबड होती. अशा वेळीं आपलें रडगाणें कोठें काढावें, म्हणून तो कोणाशीं कांहीं बोलला नाहीं. चौथ्या-पांचव्या दिवशीं त्या डोळ्याच्या नाकाकडील बाजूनें एक काळा पडदा सरकूं लागला. लग्न पार पडेपर्यंत त्यानें तोहि सोसला. तो पडदा दृष्टीच्या मध्यापर्यंत आला तेव्हां त्याला समोरच्या मनुष्याचा चेहरा दिसेना, आणि मग धांवपळ झाली. शस्त्रक्रिया झाली, वैद्यांनीं दृष्टिपटल पुन्हा जागीं बसविलें, आणि तें आजहि जागीं आहे. परंतु मध्यभाग एकदां सुटला होता. आज त्या डोळ्यानें सरळ रेघ त्याला नागमोडी दिसते. ज्याचें आयुष्य उभ्या-आडव्या धाग्यांच्या सरळपणावर गेलें, त्याला ही शिक्षा मिळावी यांतील क्रूरता मला अजून टोंचते.

इतके दिवस गप्प कां राहिलास, असें मीं त्याला विचारलें. त्यानें दिलेलें उत्तर तीन शब्दांचें होतें: “डोळा दुखत नव्हता.”

या तीन शब्दांत आपल्या साऱ्या आरोग्यनीतीचें गमक सांपडतें. दुखलें तर दाखवावें, न दुखलें तर सोसावें, हा आपला नियम. परंतु दृष्टिपटलास वेदना कळत नाहीं. त्याला ओढलें, फाडलें, तरी तें दुःखाची भाषा बोलूं शकत नाहीं. त्याला एकच भाषा येते, आणि ती प्रकाशाची. म्हणून ओढ बसली कीं तें चमक दाखवितें, आणि सुटलें कीं काळोख दाखवितें. ती चमक हीच त्याची आरोळी असते. जो केवळ वेदनेलाच साक्षी मानतो, त्याला ही आरोळी ऐकूं येत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. माझ्या मित्रानें जें केलें त्याला तितिक्षा म्हणावें काय? शंकराचार्यांच्या नांवावर असलेल्या विवेकचूडामणींत तितिक्षेचें लक्षण असें केलें आहे कीं, चिंता आणि विलाप न करतां, प्रतीकाराच्या मागें न लागतां दुःखें सहन करणें. वरवर पाहतां मित्राचें वर्तन या लक्षणांत बसतें. त्यानें विलाप केला नाहीं आणि प्रतीकारहि केला नाहीं. परंतु तें लक्षण मुमुक्षूसाठीं सांगितलेलें आहे, ज्यानें देह म्हणजे काय आणि आपण कोण याचा विचार अगोदर केलेला आहे अशासाठीं. विवेक आणि वैराग्य हीं साधनें त्या मालिकेंत तितिक्षेच्या आधीं येतात, हा क्रम विसरतां कामा नये. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतहि शीत-उष्ण सोसण्याचा उपदेश आहे. पण तेथेंच त्याचें कारण दिलें आहे: हे स्पर्श येतात आणि जातात. जें येऊन जाणारें आहे तें सोसावें. जें येऊन दृष्टि घेऊन जाणारें आहे, त्यासंबंधीं तो उपदेश नाहीं. आणि एखादी गोष्ट या दोहोंपैकीं कोणती हें ठरविल्यावांचून सोसणें म्हणजे उपेक्षा. तितिक्षा आणि उपेक्षा बाहेरून इतक्या सारख्या दिसतात कीं, भलेभले फसतात. दोन माश्यांसारखेंच हें आहे.

मित्राच्या उपेक्षेंत निदान संकोच होता, आणि संकोचाच्या मुळाशीं दुसऱ्याविषयींची माया होती. घरच्या कार्यांत आपलें दुखणें आडवें येऊं नये, ही भावना आपल्या घराघरांत, विशेषतः वडीलधाऱ्यांत आणि बायकांत, इतकी मुरलेली आहे कीं, तिला दोष देतांना जीभ अडखळते. तथापि एवढें म्हटलेंच पाहिजे कीं, चार दिवस कोणाला त्रास होऊं नये म्हणून जो आपला डोळा घालवितो, तो त्याच माणसांना पुढें वर्षानुवर्षें आपला हात धरावयास लावतो. मायेचा हिशेबहि थोडा लांबचा करावा लागतो.

माझा दोष मात्र याहून मोठा. मला एक निकाल मिळाला होता आणि तो माझ्या डोळ्यापुरता होता. मीं त्याचा नियम केला. माझ्यांतील धागा दहा वर्षांचा जुना, त्याचा दोन दिवसांचा नवा. मला चष्म्याचा सौम्य नंबर, त्याचीं भिंगें जाड. हा फरक मीं विचारलाहि नाहीं. चंद्रकीर्तीच्या गोष्टींत केस नाहींत असें ज्याला दिसतें, तो निकोप दृष्टीचा असतो आणि त्यानें पात्रांत स्वतः पाहिलेलें असतें. मीं कशांतहि पाहिलें नव्हतें. धागा टॉवेलावर नाहीं एवढें खरें सांगून, तो कोठेंच नाहीं असा भास मीं उत्पन्न केला. दृश्य खोटें असलें तरी सांवली खरी असते, आणि सांवली पाडणारें कांहीं तरी आंत असतें, हें सुश्रुत विसरला नव्हता; मी विसरलों.

याच्या उलट टोंकाची चूकहि पाहिली पाहिजे. हेल्महोल्ट्स या जर्मन शास्त्रज्ञानें १८५१ सालीं डोळ्याच्या आंत डोकावून पाहण्याचें यंत्र प्रसिद्ध केलें. त्यानेंच असें नमूद केलें आहे कीं, डोळ्यास कांहीं विकार झाला म्हणजे माणसें आपल्या दृष्टीकडे लक्ष देऊं लागतात, आणि मग जन्मभर डोळ्यांत असलेल्या माश्या त्यांना प्रथमच दिसून तीं घाबरून जातात. भीतीनेंहि माशी मोठी होते. रोज सकाळीं भिंतीकडे पाहून ठिपके मोजणारा मनुष्य आपलें आयुष्य त्या ठिपक्यांच्या स्वाधीन करतो. बरें, निरुपद्रवी माश्या शस्त्रक्रियेनें काढून टाकाव्या म्हटलें तर त्या शस्त्रक्रियेंतच मोतीबिंदु होण्याचें, दृष्टिपटल फाटण्याचें भय असतें. म्हणून सुज्ञ वैद्य सहसा तसा सल्ला देत नाहींत. तेव्हां भीतीचा मार्गहि बंद आहे.

उरतो तो विवेकाचा मार्ग, आणि सुदैवानें तो फार कठीण नाहीं. जुनी, ओळखीची, वर्षानुवर्षें तशीच राहिलेली माशी असेल तर ती एकदां तपासून घ्यावी आणि सोडून द्यावी. परंतु माश्या एकाएकीं सुरू झाल्या, किंवा एकाच्या अनेक झाल्या. डोळ्याच्या कडेला चमका दिसूं लागल्या. बाजूनें सांवली किंवा पडदा सरकूं लागला. दृष्टि एकाएकीं मंद झाली. तर त्याच दिवशीं नेत्रवैद्य गांठावा, उद्यांवर टाकूं नये. मधुमेह असलेल्यास काळा धूर किंवा पाऊस उतरल्यासारखें दिसलें तर तो आंतील रक्तस्रावहि असूं शकतो. त्यानेंहि थांबूं नये. एक डोळा झांकून दुसऱ्यानें पाहण्याची संवय ठेवावी, कारण दोन्ही डोळे उघडे असतां एकाची उणीव दुसरा भरून काढतो आणि चोरी उघडकीस येत नाहीं.

वैद्य करतात तें एवढेंच: थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि दृष्टिपटल कडेपर्यंत न्याहाळतात. तासा-दोन तासांचें हें काम; त्यानंतर कांहीं वेळ अंधुक दिसतें, म्हणून बरोबर कोणी तरी असावें. चीर नुसती असेल तर तिच्याभोंवतीं लेसरनें डाग देऊन ती जागच्या जागीं बंद करतां येते, आणि रोगी बहुधा त्याच दिवशीं घरीं जातो. चीर नसेल तरीहि कांहीं आठवड्यांनीं पुन्हा बोलावतात, कारण चीर मागाहूनहि पडूं शकते. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुटलेलें दृष्टिपटल म्हणजे असाध्य रोग मानीत. १९२० च्या सुमारास लोझान येथील झ्यूल गोनँ या वैद्यानें, चीर शोधून ती बंद केली तर पटल पुन्हा बसतें, हें दाखवून दिलें. आज सोलापुरासारख्या शहरांत १९६३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, खासगी नेत्रवैद्य आहेत, आणि अक्कलकोट-बार्शीकडून सकाळीं एस.टी.नें निघालेला मनुष्य दुपारच्या आंत येथें पोहोंचतो. ज्या काळीं उपाय नव्हता त्या काळीं सोसणें हाच धर्म होता. उपाय निघाल्यावर त्या धर्माचा अर्थ बदलतो, हें आपण अजून पुरतें मनांत घेतलेलें नाहीं.

म्हणून माझें उत्तर असें आहे: सोसणें हा गुणच आहे, परंतु त्याची पाळी दुसरी. पहिली पाळी विचारण्याची. विचारल्यावर जें उरतें, ज्याला इलाज नाहीं किंवा ज्याला इलाजाची गरज नाहीं, तें हंसत सोसावें; तेथें तितिक्षेला पुरेसें काम मिळतें. माझा मित्र आज जें सोसतो तें या प्रकारचें आहे. त्याला आतां मी तितिक्षा म्हणूं शकतों.

अजून आम्ही दोघे संध्याकाळीं तळ्याकांठीं बसतों. एकदां डावा डोळा हातानें झांकून तो देवळाकडे पाहत होता. “कळस वांकला आहे,” तो म्हणाला, आणि थोडें थांबून, “म्हणजे, मला दिसतो. तूं पाहा बरें.” मीं पाहिलें आणि कळस सरळ आहे असें सांगितलें. त्यानें मान हलविली. या वेळीं मीं खरोखर पाहून सांगितलें होतें.

माझा जुना धागा मलाहि अधूनमधून दिसतो. आकाश पांढरें झालें कीं तो येतो. तो तोच आहे ना, एकटाच आहे ना, एवढें मी पाहून घेतों, आणि मग त्याला जाऊं देतों.